हाताच्या मापाचा गोळा

सर्जेरावमामा गेल्याचा फोन आला तेव्हा साताऱ्याच्या कार्यालयात दुपारची बैठक चालू होती. कोणती बातमी पहिल्या पानावर आणि कोणती आत, यावर रोजचं बोलणं चाललं होतं. फोनवर मामांची मुलगी वैशाली होती. ती मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. अशा बातम्या दुसऱ्यांच्या घरी कळवण्याची तिला सवय आहे. ती एवढंच म्हणाली, "दादा, आप्पा गेले. जेवून जरा आडवे झाले होते... उठलेच नाहीत." मग साताऱ्यातल्या कुणाकुणाला मी सांगणार आणि कुणाला ती, हे आम्ही ठरवून घेतलं. बैठक संपल्यावर मी कडेगावच्या वाटेला लागलो.

दोन दिवसांनी निधनवार्ता छापून आली. ती मीच लिहिली होती. निवृत्त हवालदार, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, मुलगी, जावई. मूळ मजकुरात 'त्यांना बोलिंगची आवड होती' असं एक वाक्य होतं, ते जागेअभावी गेलं. राहिलं असतं तरी वाचणाऱ्यांनी क्रिकेटच समजलं असतं. मामांचा खेळ तो नव्हे. तेल दिलेल्या गुळगुळीत लांब लाकडी पट्टीवरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, असा तो खेळ. गोळ्याला तीन भोकं असतात. एकात अंगठा, उरलेल्या दोनांत मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट घालून तो उचलायचा असतो. शहरांतल्या मॉलमध्ये आणि थंड हवेच्या ठिकाणी हौशी लोक तो खेळतात. ऊसपट्ट्यातल्या एका माजी सैनिकाच्या आयुष्यात तो कसा आला आणि त्यानं तिथं काय केलं, हे चार ओळींच्या वार्तेत मावणारं नव्हतं.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. फौजेत ते ट्रक चालवत. निवृत्तीनंतर आमच्याकडच्या पुष्कळ माजी सैनिकांसारखे तेही सुरक्षारक्षकाच्या नोकरीवर परमुलखात गेले. बंगळूरच्या एका मॉलमध्ये त्यांची नेमणूक बोलिंगच्या हॉलच्या दारावर होती. पिना उभ्या करणारी यंत्रं रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तपासावी लागत. त्यासाठी यंत्रामागे मिस्त्री बसायचा आणि पुढून कुणीतरी गोळे सोडायचे. दारावरचा माणूस रिकामाच उभा असतो म्हणून ते काम मामांकडे आलं. काही महिन्यांत त्यांना त्याची गोडी लागली. टवका उडालेला एक निळा गोळा त्यांच्या हाताला बरा बसत असे. सकाळी मांडणीतून ते तो शोधून घेत. सुट्टीवर आले की घरच्या सोप्यात उभे राहून, हातात तांब्या घेऊन, चार पावलं टाकून गुडघा कसा वाकवायचा ते आम्हाला दाखवत. मामी स्वयंपाकघरातून बघत आणि तांब्या सांडेल म्हणून काळजी करत. खेळात एवढं काय आहे असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "गोळा हातातनं सुटला की आपलं काम संपलं बग. ट्रकासारखं न्हाई, पोचंस्तोवर धरून बसावं लागतं."

त्यांचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मामा बंगळूर सोडून गावी आले. ऊस होता, दोन म्हशी होत्या, आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं. वडील गेल्यावरही ते परत गेले नाहीत. पुढच्या वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. हात वाचला, पण करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून तुटलं. कराडला ते टाके घालून घेऊन आले आणि जखम वेळेत भरली. डॉक्टरांच्या दृष्टीनं प्रकरण तिथं मिटलं. शेतातलं काम त्या हातानं होत होतं. खुरपं धरता येत होतं, धार काढता येत होती.

घरच्यांना वेगळीच गोष्ट दिसू लागली. मामांच्या खांद्यावर कायम एक पंचा असे, तो आता उजव्या हातावर आला. बाहेर निघाले की हात पंच्याखाली. लग्नात ते पंगतीला बसेनात. यजमानाला सांगत की आज उपास आहे. घरी भाकरी कुस्करून खाणारा माणूस चमच्यानं भात खाऊ लागला, तोही डाव्या हातानं. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून गुरव त्यांना सगळ्यांसमोर बोलला. मामांनी ऐकून घेतलं आणि देवळात जाणं थांबवलं. सगळ्यांत जास्त लक्षात आलं ते झेंडावंदनाचं. गावात शाळेच्या पटांगणावर माजी सैनिक पदकं लावून एका ओळीत उभे राहतात आणि सलामी देतात. फौजी सलामीत तळवा समोर येतो, पाचही बोटं जुळवून. मामांनी त्या ओळीत उभं राहणं सोडलं. ते आपल्यावर रुसले आहेत अशी सरपंचांची समजूत झाली आणि ते घरी येऊन, काय चुकलं ते माहीत नसताना, माफी मागून गेले. मामांनी त्यांना चहा दिला, डाव्या हातानं.

मामी एकदा आईला म्हणाल्या होत्या, "एक बोट गेलं म्हंत्यात समदी. मला इचारा की. आख्खा हात न्हाई राह्यला आमच्याकडं..."

पाचगणीला एका हॉटेलनं पर्यटकांसाठी बोलिंगचा छोटा हॉल काढला तेव्हा त्यांना यंत्रांची माहिती असलेला, शिस्तीचा माणूस हवा होता. साताऱ्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडून मामांचं नाव तिकडे गेलं. मामा हंगामात तिकडे राहू लागले. कामात चोख होते. बूट देणं, यंत्र अडलं तर मागे जाऊन पिन मोकळी करणं, आरडाओरडा करणाऱ्या पाहुण्यांना समजावणं... सगळं पंचा सांभाळून. मी एकदा बातमीच्या कामानं पाचगणीला गेलो होतो, तेव्हा सकाळी हॉलमध्ये डोकावलो. गिऱ्हाईक नव्हतं. मामा एकटेच पट्टीच्या तोंडाशी उभे होते आणि त्यांच्या उजव्या हातात गोळा होता. चार पावलं अगदी पूर्वीसारखी पडली. हात मागे गेला आणि तिथंच गोळा निसटला. तो त्यांच्या मागे पडला आणि बुटांच्या कपाटावर जाऊन आपटला. करंगळीशेजारच्या बोटासाठी असलेलं भोक रिकामं राहत होतं. गोळा दोनच बोटांवर पेलला जात नव्हता, हातात फिरत होता. मी आत आलो तेव्हा त्यांनी हात पाठीमागे घेतला आणि प्रवास कसा झाला ते विचारलं.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की त्यांना स्वतःचा गोळा हवा आहे. हॉलमधले गोळे सगळ्यांसाठी केलेले असतात म्हणून ते कुणाच्याच हाताला धड बसत नाहीत. खेळणारे लोक कोरा गोळा घेतात आणि आपल्या हाताच्या मापानं भोकं पाडून घेतात, हे त्यांनी बंगळूरला रोज पाहिलं होतं. तिथल्या हॉलच्या मागच्या बाजूला बसप्पा नावाचा एक मिस्त्री हेच काम करत असे. मग बंगळूरलाच जाऊन या, असं मी म्हणालो. मामांनी कप खाली ठेवला. "तितल्या माणसांनी मला सलाम ठोकताना बगितलंय," ते म्हणाले. "रोज सकाळी. त्यो बसप्पा आला की पयला माझा सलाम." एवढ्यावर तो विषय संपला. बंगळूर सोडून दुसरीकडून कुठून गोळा आणता येईल, असा पुढचा शोध सुरू झाला.

मामांच्या हातून चूक झाली ती इथं. चूक म्हणायची तर ती त्यांच्या घरातल्या एका जुन्या रीतीमुळे झाली. त्यांचे वडील वहाणा शिवून घेत. चप्पल करणारा दूरच्या गावी होता. त्याच्याकडे माणूस जात नसे, माप जात असे. कागदावर पाऊल ठेवायचं, पेन्सिल भोवतीनं फिरवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर कागद पाठवून द्यायचा. वहाण बिनचूक यायची. पुढे मामा फौजेत असताना घरी सगळ्यांसाठी बूट पाठवत ते अशाच कागदांवरून. मुंबईच्या एका दुकानाशी मामांनी फोनवर बोलणं केलं. दुकानदारानं हाताचं माप मागितलं, आणि मामांनी त्याचा अर्थ घरच्या रीतीनं लावला.

तो दिवाळीतला दिवस होता आणि मी तिथं होतो. मामांनी सोप्यात पाटावर कागद पसरला. डाव्या हातानं पेन्सिल नीट चालेना, म्हणून त्यांनी मामींना बोलावलं. सासऱ्यांच्या पावलांची मापं वर्षानुवर्षं मामींनीच काढली होती. त्यांनी पदर खोचला, मामांच्या हातावरचा पंचा बाजूला केला आणि अंगठ्यापासून रेघ ओढायला सुरुवात केली. अंगठ्याशेजारचं बोट झालं, मधलं झालं. मग पेन्सिल थांबली.

"आवं, हितं काय करू?"

"हाय तेवढंच काड," मामा म्हणाले.

मामींनी तेवढंच काढलं. चार लांब रेघांच्या मध्ये एक आखूड गोलाई आली. कागद मुंबईला गेला.

काही आठवड्यांनी गोळा साताऱ्याला पार्सलनं आला आणि मी तो पाचगणीला पोचवला. गडद लाल होता आणि दिसायला देखणा होता. मामांनी तो फडक्यानं पुसला, उंचावून पाहिला, आणि त्या सकाळी पाहुणे आलेले असतानाही त्यांनी पंचा काढून खुर्चीवर ठेवला. अंगठा आत गेला तो जरा जोर लावून. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं... हात पुढे आला, पण अंगठा सुटला नाही. गोळ्यानं माणसाला ओढलं. मामा दोन्ही गुडघ्यांवर पट्टीवर आदळले. मागे बसलेल्या एका कुटुंबातल्या कुणीतरी टाळी वाजवली. त्यांना तो गमतीचा भाग वाटला असावा. मामांनी अंगठा सोडवला, गोळा कडेला ठेवला आणि पट्टीवर जिथं गुडघे टेकले होते ती जागा फडक्यानं पुसली. मग ते पंचा घेऊन यंत्रामागे गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मुंबईच्या दुकानाचा यात दोष नव्हता. कागदावर जे होतं तेच त्यांनी केलं होतं. पाऊल जमिनीवर सपाट पडतं, म्हणून वहाणेला कागद पुरतो. गोळ्यावर हात सपाट पडत नाही, तो गोलाईवर ताणला जातो. अंगठ्यापासून बोटापर्यंतचं अंतर कागदावर एक दिसतं आणि गोळ्यावर दुसरं भरतं. शिवाय पेन्सिल बोटाच्या बाहेरून फिरते आणि अंगठा किती जाड हे तिला सांगता येत नाही. मामांना हे सगळं त्यांच्या कामामुळे खरं तर ठाऊक होतं. बंगळूरला लोक मिस्त्रीसमोर बसून हात देतात हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ठाऊक असूनही त्यांनी कागद पाठवला होता, आणि का पाठवला होता हे घरात सगळ्यांना कळत होतं. कागदाला हात बघता येत नाही.

लाल गोळा गावी आला. मामींनी तो वैरणीवरच्या ताडपत्रीवर ठेवून दिला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तिथं तो उत्तम काम देत होता. गावातली माणसं येताजाता चौकशी करत. एकानं विचारलं, "हवालदार, तोफंचा हाय का कशाचा?" मामा म्हणाले, "व्हय. पाकिस्तानाकडं तोंड करून ठिवलाय, हलवू नगा." ते असं बोलले म्हणजे जरा सावरले आहेत, असं वैशालीचं मत पडलं. तिनं पुण्यातल्या एका दुकानाचा पत्ता काढला आणि मला मामांबरोबर पाठवलं.

पुण्याचं दुकान मोठं होतं. काचेच्या कपाटांतून दिवे लावून गोळे मांडले होते. विक्रेता सभ्य होता. त्यानं मामांचा हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं सगळं मला सांगितलं. काकांनी डाव्या हातानं सुरुवात केली तर सोपं जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. डावखुऱ्यांसाठी त्याच्याकडे चांगला माल होता. मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला, भोकं पाडायचं यंत्र कुठं आहे. ते इथं नसतं, माप घेऊन बाहेरून करून आणतो, असं उत्तर आलं. मामांनी हात पंच्याखाली घेतला, त्याचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो. स्वारगेटला गाडीची वाट बघताना ते म्हणाले, "ज्यानं हात धरला त्यानंच भोक पाडाय पायजे. मधी दुसरा माणूस आला की कागदच झाला की त्यो."

गाडी लागली, आम्ही चढलो. कात्रजच्या घाटात त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं की बंगळूरला जायचं तर मला रजा मिळेल का.

बंगळूरला आम्ही मिरजेहून रेल्वेनं गेलो. मॉलच्या दारावर नवा रक्षक होता. मामांनी आधी त्याचे बूट पाहिले आणि ते चकचकीत असल्याचं मान हलवून मान्य केलं. हॉलमागच्या खोलीत बसप्पा मिस्त्री होते. मूळचे अथणीकडचे, त्यामुळे मराठी त्यांना येत होतं. केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "हवालदारसाब. सलाम कुठं गेला आज?"

मामा दारातच उभे राहिले. पंचा हातावर होता. मग मामांनी पंचा काढून माझ्याकडे दिला आणि हात पुढे केला. सलामीसाठी उचलला नाही, नुसता पुढे केला, तळवा वर करून. बसप्पांनी तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा आणि बोटामधली कातडी ताणून पाहिली. एकेक बोट वाकवलं. तुटक्या बोटाच्या टोकावर अंगठ्यानं हलकेच दाबलं.

"दुखतंय कुठं?" त्यांनी विचारलं.

अपघातापासून जो कुणी भेटला त्यानं कसं झालं हेच विचारलं होतं. मामांनी डाव्या हातानं टोकाची आतली कड दाखवली. बसप्पांनी मान हलवली आणि आम्हाला हाकलून दिलं. प्रवासानं हात सुजला आहे, आता माप घेतलं तर गोळा घरी गेल्यावर सैल होईल. जेवा, बसा, दुपारनंतर या. मामा जुन्या ओळखीच्या जिन्यावर जाऊन बसले. पंचा माझ्याच खांद्यावर राहिला. त्यांनी तो मागितला नाही.

दुपारी काम सुरू झालं. बसप्पांकडे नाना आकाराच्या भोकांनी भरलेला एक मापाचा गोळा होता. त्यात एकेक बोट घालून त्यांनी जाडी ठरवली. हात गोलाईवर ठेवून अंतर घेतलं, आणि पुन्हा घेतलं. करंगळीशेजारचं बोट हिशेबातून काढून अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट अशा तिघांवर गोळा पेलायचा, असं त्यांनी ठरवलं. यंत्र तिथंच होतं, कोरा गोळाही तिथूनच घेतला. भोकं पडली, कडा घासून गोल झाल्या, आणि ते मामांना हॉलमध्ये घेऊन गेले. पहिल्या वेळी गोळा सुटला, पण अंगठा किंचित अडला. परत आत, पुन्हा घासणं. दुसऱ्या वेळी बरा सुटला. तिसऱ्या वेळी मामा कळवळले. तुटक्या बोटाचं टोक सुटताना गोळ्याच्या कडक पाठीवर घासलं जात होतं.

बसप्पांनी सुचवलं की बोटावर रबराची टोपी घाला. मामांना टोपी नको होती. त्यांनी गोळ्यावर बोट टेकवून जागा दाखवली. "हितं एक पाडा. उथळ. त्यालाबी कुठंतरी ठेवाय लागतंय का न्हाई?"

बसप्पांना ते पटलं नाही. ते बोट काही धरू शकत नाही. धरत नाही त्याला भोक कशाला, असं त्यांचं म्हणणं. गोळ्याचा तोल बिघडेल, दिसायला वाईट दिसेल, बघणारे मिस्त्रीला हसतील. मामा ऐकेनात. दोघांची चांगली जुंपली, अर्धी मराठीत आणि अर्धी कानडीत. मामांना कानडी येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. अखेर बसप्पांनी मामांचा हात पुन्हा हातात घेतला, गोळ्यावर ठेवला आणि तुटकं बोट आपोआप कुठं पडतं ते पाहिलं. दोनतीनदा पाहिलं. खडूनं खूण केली. "हे धरायला न्हाई," ते म्हणाले. "हे ठेवायला." आणि यंत्र चालू केलं.

ते चौथं भोक जेमतेम वाटीच्या बुडाएवढं खोल होतं. आत त्यांनी मऊ कातड्याचा तुकडा बसवला. मामा पट्टीच्या तोंडाशी उभे राहिले, चार पावलं टाकली आणि गोळा सोडला. तो सरळ गेला, किंचित डावीकडे वळला आणि सात पिना पडल्या. तीन उभ्या राहिल्या. मामा तिथंच वाकलेले राहिले, हात पुढे तसाच. बसप्पा म्हणाले, "बास. हात खाली घ्या आता." निघताना दारात मामांनी त्यांना सलाम केला. बसप्पांनी नेहमीप्रमाणे नुसती मान हलवली.

मामा काही मोठे खेळाडू झाले नाहीत. पाचगणीला सकाळी दारं उघडायच्या आधी ते गोळे टाकत. कधी चांगले पडत, कधी नाही; पर्यटकांतली हौशी मंडळीही त्यांना हरवत. स्पर्धेला जा असं वैशालीनं सुचवलं तेव्हा ते म्हणाले की तितं रांगंत उभं ऱ्हावं लागतंय, त्यापरास हितं बरं. पण बूट देताना, पावती घेताना उजवा हात पुढे येऊ लागला. कुणाची नजर बोटावर थांबली की ते स्वतःच सांगत, कुट्टीत गेलं. पंचा खांद्यावर परतला. त्या वर्षीच्या झेंडावंदनाला ते ओळीत होते. सरपंचांना वाटलं की आपल्या माफीचा गुण आला. मामींनी आईला फोन केला होता, पण तो त्या सलामीबद्दल नव्हता. जेवताना मामांनी चमचा बाजूला सारला आणि भाकरी मागितली, हे सांगायला केला होता.

मागच्या आठवड्यात मी गावी गेलो. पाचगणीच्या हॉटेलनं निरोप पाठवला होता की मामांच्या गोळ्याची भोकं भरून पुन्हा दुसऱ्याच्या मापानं पाडता येतात. घरच्यांची हरकत नसेल तर त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला तो उपयोगी पडेल. वैशालीला ते योग्य वाटत होतं. वस्तू वापरात राहावी असं तिचं म्हणणं. मामींनी हो किंवा नाही, काहीच म्हटलं नव्हतं. गोळा मधल्या खोलीत मामांच्या काळ्या फौजी ट्रंकेवर होता, घरंगळू नये म्हणून लुगड्याच्या चुंबळीवर ठेवलेला. वर धूळ बसली होती. मी फडकं घेऊन पुसायला लागलो. अंगठ्याचं भोक पुसलं, शेजारची दोन्ही पुसली. ती आतून कोरडी आणि स्वच्छ होती. चौथ्यातलं कातडं मात्र काळं आणि तुकतुकीत झालं होतं. थंडीत टोकाची कातडी फुटायची म्हणून मामा रोज सकाळी त्या बोटाला खोबरेल लावत. बाकीच्या बोटांना लागू देत नसत, गोळा निसटेल म्हणून. तेल त्या एकाच जागी मुरत गेलं होतं. वास अजून येत होता.

फडकं तिथं नेलं तेव्हा मामी दारात उभ्या होत्या.

"ती तीन पुसा," त्या म्हणाल्या. "त्ये ऱ्हाऊ द्या."